शिलाई किती झाली?

२०२५ च्या रमजानला आठ-दहा दिवस राहिले असतील. शनिवारची सकाळची शाळा आणि शेवटचा तास कार्यानुभवाचा. निफाड तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत मी शिक्षिका आहे. सहावी-सातवीच्या मुलींना त्या तासाला मी सुई-दोरा देते आणि काज, बटन, तुरपाई अशी कामे शिकवते. त्या दिवशी ईदचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे चार गोष्टी सांगितल्या. ईदला महागाचे कपडे हवेतच असे नाही, इसराफ अल्लाला आवडत नाही. अडीच मीटर सुती कापड आणा, घरी बसून शिवा. स्वस्तात होते, अंगाला बरे असते आणि स्वतःच्या हाताने केल्याचे समाधान मिळते ते वेगळेच.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सहावीत होती. तिची अम्मी मोहल्ल्यात शिवणकाम करते.

"बाजी, मेरी अम्मी सबके कपडे सीती. मेरा तो रेडीमेडच आता."

"का गं?"

"उनको टाइम नहीं रहता ना. ईद के पहले तो रात-रात बैठती."

मुली हसल्या, तीही हसली आणि मीसुद्धा हसले. घंटा झाली, मुली पळाल्या. पण घरी जाताना माझ्या लक्षात आले की मी दिलेल्या त्या छोट्या वाजातले एक वाक्य खोटे होते. खोटे बोलायचा माझा इरादा नव्हता, पण वाक्य खोटे होते. "स्वस्तात होते" हे ते वाक्य. कुणासाठी स्वस्त? आणि का स्वस्त? या लेखात मला त्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. प्रश्न कपड्याचा दिसतो खरा, पण तो इन्साफाचा आहे असे आता मला वाटते.

माझे स्वतःचे घर शिलाईवर चाललेले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. माझे अब्बा लासलगावला कांद्याच्या खळ्यावर कामाला होते. लिलावात घेतलेला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर येतो, तिथे त्याची निवड होते, तो बारदानात भरला जातो आणि गोणीचे तोंड दाभण-सुतळीने शिवले जाते. अब्बा गोण्या शिवत. डाव्या हाताने तोंड चिमटीत धरायचे, उजव्या हाताने दाभण फिरवायची, पाच-सहा टाक्यांत गोणी बंद. त्यांच्या तर्जनीला सुतळीने पडलेली खाच शेवटपर्यंत होती.

अम्मी घरी कपडे शिवत असे. एक जुनी पायमशीन होती, मामूंनी कुठून तरी आणून दिलेली. दिवसा मोहल्ल्यातले कपडे आणि रात्री आमचे. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की वर्तमानपत्रात आमच्या गावाचे नाव येते. त्या थंडीत अम्मी पायावर गोधडी टाकून मशीन मारत बसे आणि मधून मधून बोटे चिमणीवर धरून शेकत असे, कारण गारठलेल्या बोटांनी सुईत दोरा जात नाही. मशीनच्या त्या आवाजात आम्ही भावंडे झोपी गेलो. माझे बी.एड. झाले त्यात त्या मशीनचा वाटा किती, हे कुणी कधी मोजले नाही.

म्हणजे घरात शिवणारे दोघे होते. पण फरक असा की अब्बांच्या टाक्याला दर होता. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यात जी कामे मोजली आहेत त्यांत माल चढवणे, उतरवणे, वाहून नेणे, मापणे, भरणे यांच्याबरोबर शिवणे हेही काम आहे. गोणीचे तोंड शिवणे हे काम आहे, त्याला मजुरी आहे, त्या मजुरीबद्दल भांडता येते, हे कायद्याने मान्य केले. अब्बा कायदा वाचायला गेले नव्हते. पण दर वाढवायची वेळ आली की खळ्यावरची माणसे एकत्र बसत, बोलत, कधी काम बंद ठेवत. अब्बा घरी येऊन सांगत, "इस बार इतना बढ़ा."

अम्मीचा टाका गोणीच्या टाक्यापेक्षा कितीतरी बारीक होता. पण तिच्या टाक्याला दर नव्हता. शेजारीण कपडा घेऊन येई आणि विचारी, "शिलाई कितनी हुई?" अम्मीचे उत्तर ठरलेले असे, "दे दो जो देना है." शेजारीण काहीतरी देई. कधी पैसे, कधी वाटीभर साखर, कधी "बाद में देती" असे म्हणून काहीच नाही. बाहेरगावच्या बाईला दर सांगायची अम्मीला हिंमत होती, पण ओळखीच्या बाईला सांगायची लाज वाटे. आणि मोहल्ल्यात तर सगळ्याच ओळखीच्या!

लहानपणी मला हा अम्मीचा मोठेपणा वाटायचा. आता मला तसे वाटत नाही.

पण घरी शिवण्याच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर मी माझ्याच तासाशी बेइमानी करीन. ही कला सुंदर आहे आणि शहाणपणाचीही आहे. अम्मी आम्हाला कळीचा कुर्ता शिवायची. आजच्या पद्धतीत मुंढ्याचा गोल काढताना, बाजू तिरकी कापताना बरेच कापड वाया जाते. जुन्या कुर्त्यात सगळे तुकडे सरळ रेषेत बेतलेले असतात. पुढचा-मागचा भाग म्हणजे लांब पट्ट्या, बाजूंना त्रिकोणी कळ्या, बाह्या चौकोनी आणि हात मोकळा उचलता यावा म्हणून बगलेत एक छोटा चौकोन, चौबगला. एका आयतातून तिरके कापले की दोन कळ्या निघतात, उलटसुलट लावल्या की घेर तयार. चिंधी जवळजवळ उरतच नाही. हा हिशेब ज्या कुणी पहिल्यांदा मांडला असेल त्यांनी भूमितीचे पुस्तक पाहिले असेल असे नाही, पण कापड जपून वापरायचे असते हे त्यांना ठाऊक होते. मी हल्ली सातवीला त्रिकोण-चौकोन शिकवताना हाच कुर्ता कागदावर बेतून दाखवते.

नवशिक्या बाईनेही हे करून पाहावे. सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आखूड होतो. अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता कापडावर पसरावा, चारी बाजूंनी शिवणीसाठी बोटभर जागा सोडावी, खाली घडीसाठी दोन बोटे जास्त. गळा नेहमी लहान कापावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. उरलेल्या तुकड्यांतून बटवा, मुलांच्या टोप्या, उशीचा अभ्रा, दप्तराला ठिगळ आणि त्यातला सर्वांत चांगला तुकडा काढून कुरआन शरीफसाठी जुजदान. आमच्या घरातले जुजदान अम्मीच्या निकाहच्या दुपट्ट्याचे आहे. त्याची किनार विरली तेव्हा मी नवीन पट्टी लावली, पण मधला कपडा तोच ठेवला.

दीनाच्या बाजूनेही या कामाला मोठा मान आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम घरात आपला कपडा स्वतः शिवत, चप्पल स्वतः सांधत, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेले आपण लहानपणापासून ऐकत आलो. हजरत इदरीस यांनी पहिल्यांदा सुई हाती घेतली अशी परंपरा आहे आणि कित्येक दर्जी आजही त्यांना आपले उस्ताद मानतात. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश हाताने काम करीत आणि त्या कमाईतून सदका देत. सर्वांत लांब हात कोणाचा, हा प्रश्न निघाला तेव्हा लांब हाताचा अर्थ देणारा आणि राबणारा हात असा निघाला. हाताने राबणे कमीपणाचे नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

पण या सगळ्या हकिकतींतली एक गोष्ट आपण नजरेआड करतो. हुजूर आपला स्वतःचा कपडा शिवत होते. हजरत जैनब यांची कमाई त्यांची स्वतःची होती, म्हणून तर ती सदक्यात देता आली. जी कमाई हातात पडलीच नाही ती सदक्यात कशी देणार? टोप्या शिवणाऱ्या बादशहाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बादशहाने टोपी शिवली की ती सादगी आणि मोहल्ल्यातल्या बेवा बाईने शिवली की ती मजबुरी. टाका तोच, पण एकाला टोपी न शिवण्याची मोकळीक होती, दुसरीला नव्हती. सादगी निवडता आली तरच ती सादगी. लादली गेली तर तिचे नाव गरिबी, आणि गरिबीला सादगी म्हणून गौरवणे मला आता बरोबर वाटत नाही.

आता त्या "स्वस्त" शब्दाचा हिशेब करू. त्या ईदला मी माझा कुर्ता शिवला आणि पहिल्यांदाच सगळे वहीत लिहिले. अडीच मीटर कापड १२० रुपये भावाने ३०० रुपये. दोरा, बटने आणि गळ्याची पट्टी ४० रुपये. एकूण ३४०. तसाच, कदाचित जास्त झगमगीत कुर्ता आठवडे बाजारात २५० रुपयांना टांगलेला होता! वहीत मी माझा वेळही लिहिला. भिजवणे-वाळवणे सोडून बेतायला, शिवायला, तुरपाईला मिळून सात तास. तासाला ५० रुपये धरले तरी ३५० झाले. म्हणजे माझा कुर्ता ६९० रुपयांचा. मी मुलींना "स्वस्त" म्हणून सांगत होते तेव्हा ही दुसरी ओळ मी लिहीतच नव्हते.

मग बाजारातला कुर्ता २५० मध्ये कसा मिळतो? तिथे कापड हजारो मीटरने घेतले जाते, एका वेळी पन्नास-शंभर थर कापले जातात, हे खरे. पण शिवण अजून माणूसच शिवतो. प्रत्येक बाही कुणीतरी सुईखाली धरलेली असते आणि त्या माणसाला नगामागे किती मिळते हे त्या कुर्त्यावर लिहिलेले नसते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. भिंतींना आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. अकराशेपेक्षा जास्त जीव गेले. बहुतेक बायका-मुली, शिवणयंत्रावर बसलेल्या. त्या कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर युरोप-अमेरिकेच्या दुकानांची नावे होती. स्वस्त कपड्याची किंमत कुठेतरी दुसऱ्याच माणसाने भरलेली असते, हे जगाने त्या दिवशी पाहिले.

म्हणजे दोन स्वस्त कपडे आपल्यासमोर आहेत. एक बाजारातला, दुसरा घरचा. बाजारातला स्वस्त आहे कारण दूरच्या एका बाईचा वेळ कमी मोजला. घरचा स्वस्त आहे कारण जवळच्या बाईचा वेळ मोजलाच नाही. दूरच्या बाईबद्दल आपल्याला हळहळ वाटते. जवळच्या बाईबद्दल आपण म्हणतो, "कितनी सुघड है!"

आणि आता ती गोष्ट, जी सांगायला मला संकोच वाटतो. त्या मुलीच्या अम्मीशी माझा संबंध आधी येऊन गेला होता. २०२४-२५ या वर्षी राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना आली. दोनपैकी एका गणवेशाचे कापड शाळांकडे आले आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचे ठरले. दर होता शिलाईला १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये. या दरात शिवायला कुणी तयार होत नाही, अशा बातम्या त्या वेळी ठिकठिकाणाहून येत होत्या. (पुढच्या वर्षीपासून गणवेशाची व्यवस्था पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली.) आमच्या शाळेतही तेच झाले. दोन दर्ज्यांनी कापड पाहून हात जोडले. मग मी सुचवले, मोहल्ल्यातल्या बाईला विचारू या. विचारायला मीच गेले.

ती गणवेशाच्या एका जोडाचे एरवी २५० रुपये घेत असे. दर ऐकून गप्प राहिली. कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली. तेव्हा मी म्हणाले, "आपल्याच कौमची पोरं आहेत. सवाब मिळेल."

सवाब हा शब्द आल्यावर ती काय बोलणार? तिने ३६ जोड शिवले. तीन आठवडे लागले. बटनांचे पैसे दहा रुपयांत बसेनात, तेही तिनेच घातले असावेत. मुले नवे गणवेश घालून आली, फोटो निघाले. मी तिला सगळ्यांसमोर "माशाअल्लाह, काय सफाई आहे!" असे म्हटले आणि माझे काम संपले.

त्या शनिवारी घरी जाताना मला आठवले ते हे. दर मी ठरवला नव्हता, ही गोष्ट खरी. पण दर कमी आहे हे मला कळत होते. समितीत उठून "बाकीची रक्कम आपण गावातून गोळा करू" असे मला म्हणता आले असते. ते अवघड होते. त्या बाईला सवाब सांगणे सोपे होते. अल्लाने ज्याचे मोल आपल्या हातात ठेवले आहे ते सवाबाचे नाणे मी माझ्या खिशातले असल्यासारखे तिला मजुरीत मोजून दिले. मी शिक्षिका आहे, माझा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतो. मला कुणी म्हणाले की या महिन्याचा अर्धा पगार सवाबात धरा, तर मी संघटनेकडे धाव घेईन.

आपल्या फिक्हमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. त्याची पहिली अट अशी की उजरत आधी ठरलेली आणि दोघांना माहीत असलेली हवी. न ठरवता कामाला लावणे दुरुस्त नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण मिंबरवरून ऐकतो. हजरत मूसा मदयनमध्ये कामाला राहिले तेव्हाही आठ वर्षांची मुदत आधी बोलली गेली, वरची दोन वर्षे त्यांच्या मर्जीवर ठेवली गेली. आणि कुरआनमध्ये पुरुषांना त्यांच्या कमाईत हिस्सा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईत हिस्सा असल्याचे स्पष्ट आहे. तेव्हा "दे दो जो देना है" ही मोहल्ल्याची रीत असेल, दीनाची रीत नाही.

घरी हा विषय काढला तेव्हा माझे पती म्हणाले, "सगळंच मोजायला लागलं तर घर राहील का? तू मुलाचा कुर्ता शिवतेस त्याचीही शिलाई लावणार?" प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

मला असे वाटते की मोजणे आणि वसूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मुलाचा कुर्ता मी शिवते तो तोहफा आहे. पण तोहफा तोहफा केव्हा होतो? तो न देण्याची मोकळीक असते तेव्हा. मला कंटाळा आला तर मी रेडीमेड घेते, कुणी मला बोल लावत नाही. अम्मीला ती मोकळीक नव्हती. ज्या हाताला 'नाही' म्हणता येत नाही, त्याने दिलेल्या गोष्टीला आपण मोहब्बत म्हणतो, ते आपल्या सोयीसाठी. तिने मोहब्बतीने दिले असेलही, मी अम्मीच्या मोहब्बतीवर शंका घेत नाही. शंका घेते ती आमच्या घेण्यावर. आम्ही कधी विचारले नाही की तुझे पाय दुखतात का, तुला आज झोपायचे आहे का. घेणाऱ्याने मोजले पाहिजे. देणाऱ्याने मोजले नाही तरी चालेल.

हा प्रश्न माझ्या मोहल्ल्यापुरताच नाही. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात म्हटले होते की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के घरात बसूनच काम करतात, तर सगळ्या समाजांच्या स्त्रियांचे मिळून हे प्रमाण ५१ टक्के आहे. शिलाई, विडी, जरी, गोधड्या. भिंतीच्या आत चाललेले काम कुणाला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याला दर लागत नाही. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्त्रियांची संघटना काढली. गिरण्यांच्या चिंध्यांतून खोळी शिवणाऱ्या तिथल्या मुस्लिम बायका याच संघटनेत एकत्र आल्या आणि शिलाईच्या दरासाठी व्यापाऱ्यांसमोर बसल्या. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखेच हक्क मिळावेत असा ठराव केला, तो १७७ क्रमांकाचा करार. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आमच्या निफाडचाही या गोष्टीशी एक धागा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. त्यांच्या मागे रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे विधवा आणि निराधार बायकांना लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामही शिकवले जाई, कारण सुईने पोट भरता येते आणि पोट भरता आले की मान वर करता येते. आणि गांधीजी! यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र आपल्या टीकेतून सूट दिली. बायकांचे कष्ट हलके करणारे यंत्र म्हणून त्यांना त्याचे कौतुक होते. कष्ट हलके होतात हे खरे. पण मी पाहिले आहे की मशीन घरात आली की आधी एक कुर्ता होत असे तिथे चार अपेक्षिले जातात. यंत्राने वाचवलेला वेळ बाईच्या वाट्याला येतो की नाही, हे यंत्र ठरवत नाही. घरातली आणि मोहल्ल्यातली माणसे ठरवतात.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या बाईकडे गेले. ३६ जोडांचा फरक, प्रत्येकी १५० प्रमाणे ५,४०० रुपये, पाकिटात घातले होते. तिच्या समोर कपड्यांचा ढीग होता. मी पाकीट पुढे केले आणि कशाचे ते सांगितले. तिने पाकिटाला हात लावला नाही.

"बाजी, रमजान में आई हो, लोग जकात देते वैसा दे रही क्या?"

"नाही, तुमचा हक आहे."

"हक था तो उस दिन बोलना था. आज ये खैरातच लगेगी."

मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. मजुरी वेळेवर दिली तर हक असते आणि मागाहून मेहेरबानीने दिली तर तिचा रंग बदलतो. मी पाकीट परत पर्समध्ये ठेवले. तिने मशीन थांबवली नव्हती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "कुछ करनाच है तो एक काम करो. तुम्हारे हाथ की लिखाई अच्छी है. मेरे को भाव लिख के दो. मुँह से बोलने को मेरे को शरम आती."

तिथेच बसून मी एका पुठ्ठ्यावर लिहिले, वर उर्दूत आणि खाली मराठीत. साधा कुर्ता. सलवार. अस्तरासह जोड. बुरखा. ब्लाउज. गणवेश. फॉल-पिको. प्रत्येकापुढचा आकडा ती सांगत होती, मी लिहीत होते. गणवेशाच्या पुढे तिने २५० च सांगितले, एक रुपया वाढवला नाही. सर्वांत खाली तिने एक ओळ घालायला लावली : उधारी ईदच्या आधी मिटवावी. पुठ्ठा मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगला.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. दोन ओळखीच्या बायका म्हणे रागावल्या. "अब हमको बोर्ड दिखाती" असे बोलून कापड परत घेऊन गेल्या. त्यांतली एक परत आली, दुसरी आली नाही. त्या ईदला तिला काम थोडे कमी मिळाले. पुठ्ठा काढून टाकावा असे तिला एकदा वाटले होते, असे ती मला म्हणाली. काढला नाही, एवढेच.

मी माझ्या तासात दोन बदल केले आहेत. सुई-दोरा आता मुलांच्याही हातात देते. पहिल्या दिवशी मुलगे हसले, पण खळ्यावर गोण्या शिवणाऱ्या बापांची मुले आहेत ती. त्यांचा टाका पाहावा, मुलींपेक्षा घट्ट येतो. आणि मुले काही शिवतात तेव्हा वहीत तीन ओळी लिहायला लावते. कापड किती, दोरा-बटन किती, वेळ किती. तिसऱ्या ओळीपुढे रुपये लिहायचे की कोरे सोडायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे. पण ओळ लिहायची.

अम्मीला आता बारीक दिसत नाही. सुईत दोरा मी ओवून देते आणि ती आपली उशांचे अभ्रे शिवत बसते. एका रात्री मी तिला विचारले, "अम्मी, आजवर किती कपडे शिवले असतील?" तिने चष्मा वर केला. "गिनती कौन करता? पर तेरे अब्बा को मालूम था उन्होंने कितनी गोनी सिली." एवढे बोलून ती पुन्हा सुईकडे वळली. मी तिच्या पायाला तेल लावत बसले. माझ्याकडे त्या हिशेबाचे दुसरे काही उत्तर नव्हते.

बकरी ईदनंतर शाळा उघडली. ती मुलगी आता सातवीत आली होती. पहिल्या दिवशी ईदचा ड्रेस घालून आली. मी विचारले, "या वेळी अम्मीने शिवला का?"

"नहीं बाजी, रेडीमेडच है. पर लंबा था, तो नीचे से मैंने तुरपा." तिने घेर उलटून दाखवला. टाके थोडे वाकडे होते, पण सारख्या अंतरावर होते.

"छान. शिलाई किती झाली?"

"दस रुपये," ती म्हणाली. "अम्मी से लिये."